कार्यालयीन दूरध्वनी-यंत्रणेशी फॅक्स-यंत्राची जोडणी : शाहूवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

एका ठिकाणच्या कागदाची प्रतिकृती तारेच्या साहाय्याने दूरच्या ठिकाणी उमटवावी, ही कल्पना दूरध्वनीच्या शोधाहूनही जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश संशोधकाने तिचे एकस्व इ. स. १८४३ मध्ये मिळविले, आणि जोव्हान्नी काझेल्ली या इटालियन धर्मोपदेशकाच्या यंत्राने १८६५ मध्ये पॅरिस व लिआँ या दोन शहरांदरम्यान प्रत्यक्ष सेवाही सुरू झाली. ग्रॅहॅम बेल याला दूरध्वनीचे एकस्व मिळाले ते त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे १८७६ मध्ये. असे असूनही प्रतिकृति-प्रेषणाचा सर्वत्र प्रसार झाला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. आणि तोही स्वतःच्या स्वतंत्र तारांवरून नव्हे, तर मानवी आवाजासाठी उभारलेल्या दूरध्वनीच्या तारांवरून. या दृष्टीने पाहता फॅक्स-यंत्र हे दुसऱ्याच्या घरात राहणारे बिऱ्हाड होय. घराची रचना त्याच्यासाठी झालेली नसते. घराचे नियम मात्र त्याला पाळावे लागतात. कार्यालयातील दूरध्वनी-यंत्रणेशी हे यंत्र जोडताना ज्या अडचणी उद्भवतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

विषयाचे स्थानिक महत्त्व

शाहूवाडी तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, सह्याद्रीच्या उतारावर वसलेला आहे. मलकापूर हे त्यातील प्रमुख शहर असून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता तेथून आंबा घाटाकडे जातो. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा व अंतर्भागातून कडवी या नद्या वाहतात, आणि पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाचे प्रमाण फार मोठे आहे. अशा प्रदेशात पावसाळ्याच्या दिवसांत रस्ता केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर शहराभोवतीचे अनेक मार्ग बंद पडले होते. पर्जन्यमानाचा तक्ता, धरणातून सोडावयाच्या पाण्याची सूचना, रुग्णाची कागदपत्रे, एखाद्या आदेशाची सही-शिक्क्यानिशी प्रत, असे ज्यांना उशीर परवडत नाही ते कागद नेमके अशाच वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे असतात.

फॅक्सच्या अंगी असलेला आणखी एक गुण मराठी कार्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. तारायंत्रावरून पाठवावयाचा मजकूर प्रथम एकेका अक्षराच्या संकेतात बदलावा लागे. फॅक्स-यंत्र अक्षर ओळखतच नाही. ते कागदावरचा काळा व पांढरा भाग तेवढा मोजते. त्यामुळे देवनागरी हस्ताक्षर, मोडीतील जुना दस्तऐवज, नकाशा, सही आणि शिक्का ही सर्व त्याला सारखीच. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ यानंतर राज्यकारभार मराठीतून चालू झाला असता, लिपीची अट न घालणाऱ्या या साधनाची उपयुक्तता सहज ध्यानात येण्याजोगी आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फॅक्सची बरीचशी कामगिरीही आज विपत्राने उचलली आहे; इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेस तर जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स-यंत्रे विकत घेण्यास बंदी करण्यात आली. तथापि ज्या कार्यालयांत हे यंत्र अजून ठेवलेले आहे, तेथे ते बहुधा आणीबाणीचे साधन म्हणून ठेवलेले असते. आणि आणीबाणीच्या साधनाची जोडणी सदोष असणे हे ते साधन नसण्याहूनही अधिक घातक होय, कारण त्यावर विसंबून दुसरी तजवीज केली जात नाही.

फॅक्स-यंत्रांचे संभाषण

जोडणीचा विचार करण्यापूर्वी दोन फॅक्स-यंत्रे परस्परांशी काय बोलतात हे पाहणे अवश्य आहे. सध्या प्रचारात असलेल्या यंत्रांचा वर्ग ‘तिसरा गट’ या नावाने ओळखला जातो. त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणके १९८० मध्ये ठरली. पहिल्या गटाच्या यंत्रांना एका पानास सुमारे सहा मिनिटे लागत व दुसऱ्या गटाच्या यंत्रांना तीन. तिसऱ्या गटाने पानाचे रूपांतर अंकांत करण्याची पद्धत स्वीकारली, आणि हा काळ एका मिनिटाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी झाला.

या पद्धतीत पानाच्या रुंदीची एक ओळ १७२८ बिंदूंत विभागली जाते. उभ्या दिशेने दर मिलिमीटरास सामान्यतः ३.८५ ओळी वाचल्या जातात. २९७ मिलिमीटर लांबीच्या पानावर अशा सुमारे ११४३ ओळी, म्हणजे एकूण सुमारे १९ लाख ७५ हजार बिंदू होतात. हे सर्व बिंदू दर सेकंदास ९६०० या वेगाने जसेच्या तसे पाठविले, तर एका पानास सुमारे २०६ सेकंद लागतील. वस्तुतः इतका वेळ लागत नाही, कारण पानाचा बहुतेक भाग कोराच असतो. ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असे शेकडो वेळा सांगण्याऐवजी ‘इतके बिंदू पांढरे’ असे एकाच संकेताने सांगितले जाते, आणि जे खंड वारंवार येतात त्यांना लहान संकेत दिलेले असतात.

ही बचत फुकट मिळत नाही. संकेत जितका आटोपशीर, तितकी त्यातील एका चुकीची किंमत मोठी. ओळीच्या मध्यावर एक बिट चुकला तर ती ओळ संपेपर्यंतचा सर्व भाग विस्कटतो. आणि पुढील ओळ मागील ओळीच्या आधाराने सांगण्याची पद्धत वापरली असेल, तर तो दोष खालच्या ओळींतही उतरतो. बोलण्यात एखादा शब्द खरखरीत बुडाला तर ऐकणारा तो संदर्भाने भरून काढतो. यंत्राला असा संदर्भ नसतो. दूरध्वनीवरील आवाज स्पष्ट येतो, म्हणून त्यावरून फॅक्सही जाईल, हे अनुमान या कारणाने फसवे ठरते.

प्रत्यक्ष संभाषणाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. पाठविणारे यंत्र क्रमांक फिरविते आणि ११०० हर्ट्झ कंपनसंख्येचा अर्ध्या सेकंदाचा स्वर, मध्ये तीन सेकंदांचा विराम ठेवून, पुनःपुन्हा काढीत राहते. पलीकडचे यंत्र दूरध्वनी उचलून २१०० हर्ट्झचा सुमारे तीन सेकंदांचा स्वर देते. यानंतर दर सेकंदास ३०० बिट इतक्या मंद वेगाने दोघांची ओळख होते: घेणारे यंत्र स्वतःची क्षमता सांगते, पाठविणारे त्यांतून वेग व पद्धत निवडते. मग सुमारे दीड सेकंद केवळ शून्यांची मालिका पाठवून रेषेची परीक्षा घेतली जाते. ही परीक्षा उतरली नाही तर वेग एक पायरी खाली आणून ती पुन्हा घेतली जाते. पान संपल्यावर ‘पान संपले’ ही खूण जाते व ‘मिळाले’ अशी पोच येते. ती आली तरच पुढील पान किंवा समाप्ती.

पोच हा या साऱ्या व्यवहाराचा प्राण आहे. १६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण गडावरील तोफांच्या आवाजाने पावनखिंडीत बाजीप्रभूंना मिळाली, अशी परंपरा या तालुक्याच्या भूमीशी निगडित आहे. कार्य सिद्धीस गेले हे दूर असलेल्यास कळविणारी खूण कार्यापासून वेगळी काढता येत नाही, हा त्यातील अर्थ यंत्रांच्या व्यवहारासही लागू पडतो.

सार्वजनिक रेषा व अंतर्गत रेषा

विनिमय-केंद्रातून येणारी साधी दूरध्वनी-रेषा म्हणजे तांब्याच्या तारांची एक जोडी. तिच्यावर केंद्रातील विद्युत्घटमालेचा ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. दूरध्वनी उचलला की मंडल पूर्ण होऊन काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो व केंद्रास ‘उचलला’ हे कळते. घंटा वाजविण्यासाठी सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब सोडला जातो. फॅक्स-यंत्र या मोजमापांची अपेक्षा धरून घडविलेले असते.

कार्यालयात एकाहून अधिक दूरध्वनी असले, की सार्वजनिक रेषा व खोल्याखोल्यांतील दूरध्वनी यांच्यामध्ये एक लहान खाजगी विनिमय-केंद्र बसविले जाते. व्यवहारात त्यास ईपीएबीएक्स म्हणतात. त्याच्या अंतर्गत रेषा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या, अनुरूप म्हणजे ॲनालॉग, रेषा सार्वजनिक रेषेची नक्कल करतात. दुसऱ्या प्रकारच्या, अंकीय, रेषा फक्त त्याच उत्पादकाच्या विशिष्ट दूरध्वनींसाठी असतात. दोहोंची भिंतीवरील खाच पुष्कळदा सारखीच दिसते. परंतु अंकीय रेषेवर फॅक्स-यंत्र चालत नाही, आणि चुकीचा दाब पडल्याने त्याला इजाही पोहोचू शकते. सबब जोडणीची पहिली पायरी म्हणजे ज्या खाचेत यंत्र लावावयाचे ती अनुरूप रेषेची आहे याची यंत्रणेच्या नोंदवहीवरून खात्री करून घेणे ही होय.

अनुरूप रेषाही हुबेहूब सार्वजनिक रेषेसारखी असतेच असे नाही. लहान यंत्रणांत तिच्यावरील दाब ४८ ऐवजी २४ व्होल्ट असू शकतो. घंटेचा दाब कमी किंवा त्याचा आकार वेगळा असू शकतो, आणि मग माणसाला ऐकू येणारी घंटा फॅक्स-यंत्राला ओळखू येत नाही. दूरध्वनी उचलल्यावर येणारा सज्जता-स्वरही दोन्हीकडे भिन्न असू शकतो. जे यंत्र सार्वजनिक केंद्राचा स्वर ऐकल्याशिवाय क्रमांक फिरवीत नाही, ते अंतर्गत रेषेवर गप्प बसते. अशा वेळी यंत्राच्या मांडणीत स्वराची वाट न पाहण्याची सोय असल्यास ती निवडावी लागते.

जोडणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत स्वतंत्र रेषेची. एक सार्वजनिक रेषा खाजगी केंद्रात न नेता थेट फॅक्स-यंत्राला द्यावयाची. हिच्यात मधला कोणताही घटक नसल्याने दोषाला जागा कमी. मात्र एका रेषेचा मासिक खर्च केवळ या यंत्रासाठी सोसावा लागतो. केंद्र बंद पडले तरी फॅक्स चालू राहतो, हा तिचा सर्वांत मोठा लाभ.

दुसरी पद्धत अंतर्गत रेषेची. फॅक्स-यंत्र हे कार्यालयातील आणखी एक दूरध्वनी समजून त्याला अंतर्गत क्रमांक दिला जातो. खर्च वाचतो व बाहेरची कोणतीही मोकळी रेषा वापरता येते. परंतु येणारा फॅक्स त्या क्रमांकापर्यंत कसा पोहोचवावयाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो.

तिसरी पद्धत सामायिक रेषेची. सार्वजनिक रेषा प्रथम फॅक्स-यंत्रात येते आणि त्याच्याच दुसऱ्या खाचेतून पुढे दूरध्वनीला जाते. यंत्र आधी उचलते, ११०० हर्ट्झचा स्वर ऐकू आला तर कागद घेते, नाही तर दूरध्वनीची घंटा वाजविते. एकदोन दूरध्वनींच्या लहान कार्यालयास ही पद्धत पुरेशी असते. येथे एक चूक वारंवार आढळते: दूरध्वनी यंत्राच्या पुढे न जोडता भिंतीवरच त्याला समांतर जोडला जातो. मग पान जात असताना कोणी दूरध्वनी उचलला, की रेषेवरील प्रवाह वाटला जाऊन संकेत दुबळा होतो व पान अर्ध्यावर तुटते.

जाणारा व येणारा फॅक्स

अंतर्गत रेषेवरून बाहेर जाण्यासाठी प्रथम शून्य किंवा नऊ असा अंक दाबावा लागतो, आणि बाहेरची रेषा मिळण्यास क्षणभर वेळ लागतो. माणूस तेवढा थांबतो. यंत्राला थांबावयास सांगावे लागते. शाहूवाडीहून कोल्हापुरास फॅक्स पाठवावयाचा असेल तर यंत्राच्या स्मृतीत प्रथम बाहेरच्या रेषेचा शून्य, मग विराम, आणि मग ०२३१ हा कोल्हापूरचा संकेतांक व पुढील क्रमांक असा क्रम साठविला पाहिजे. पहिले शून्य खाजगी केंद्रासाठी व दुसरे सार्वजनिक केंद्रासाठी आहे हे न कळल्याने त्यांतील एक गाळले जाते, आणि यंत्र बिघडल्याची तक्रार होते.

येणाऱ्या फॅक्सचा प्रश्न याहून बिकट आहे. समजा, बाहेरून आलेला दूरध्वनी प्रथम चालिकेकडे जातो. भारतीय पद्धतीच्या घंटेचे एक आवर्तन सुमारे तीन सेकंदांचे असते. चार घंटांनंतर चालिकेने उचलले, तर १२ सेकंद झाले. नमस्कार, कार्यालयाचे नाव आणि पलीकडचा स्वर ऐकून तो फॅक्स आहे हे ओळखणे, यांत आणखी १० सेकंद. तिने तो अंतर्गत क्रमांकाकडे वळविला व फॅक्स-यंत्राने तीन घंटांनंतर उचलले, तर आणखी नऊ. एकूण ३१ सेकंद होतात. ओळख पटण्यासाठी प्रमाणकाने दिलेली मुदत सुमारे ३५ सेकंदांची आहे, आणि अनेक यंत्रे ती क्रमांक फिरविल्यापासूनच मोजतात. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी चारच सेकंद उरतात. चालिका दुसऱ्या दूरध्वनीवर असेल, किंवा तिच्याऐवजी स्वागताचे ध्वनिमुद्रण लांबलचक असेल, तर पलीकडचे यंत्र निराश होऊन रेषा सोडून देते. अशा वेळी दोष यंत्राचा नसतो, मुदतीच्या हिशेबाचा असतो.

यावर उपाय तीन. फॅक्सच्या अंतर्गत रेषेवर यंत्राने पहिल्याच घंटेला उचलावे अशी मांडणी करणे हा सर्वांत सोपा. एक सार्वजनिक रेषा केंद्रातच त्या अंतर्गत क्रमांकाशी कायम बांधून टाकणे हा सर्वांत खात्रीचा. काही केंद्रांत ११०० हर्ट्झचा स्वर आपोआप ओळखून दूरध्वनी वळविण्याची सोय असते. ती असल्यास वापरावी, मात्र स्वागताच्या ध्वनिमुद्रणातील संगीताने तो स्वर झाकला जाणार नाही, हे पाहिले पाहिजे.

तसेच, ‘दुसरा दूरध्वनी प्रतीक्षेत आहे’ असे सुचविणारा स्वर फॅक्सच्या रेषेवर बंद ठेवलाच पाहिजे. अर्ध्या सेकंदाचा हा स्वर बोलणाऱ्याला केवळ त्रासदायक वाटतो. पण ९६०० च्या वेगाने तेवढ्या काळात ४८०० बिट नष्ट होतात. चालिकेला मध्येच संभाषणात शिरण्याची मुभाही या क्रमांकापुरती काढून घ्यावी.

संगणकीय जाळ्यावरून जाणारा फॅक्स

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दूरध्वनीचा आवाज संगणकीय जाळ्यावरून लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाऊ लागला. तांब्याच्या तारेची जागा काचतंतूने घेतली, आणि फॅक्स-यंत्राची खाच आता भिंतीवर नसून एका लहान पेटीवर असते. पेटी बाहेरून जुन्या रेषेसारखीच वागते. आतील व्यवहार मात्र वेगळा आहे.

दूरध्वनीचा आवाज अंकांत बदलताना सेकंदास ८००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुन्यास ८ बिट दिले जातात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट. जी.७११ या नावाची ही पद्धत फॅक्सचे स्वर बऱ्यापैकी जतन करते. जागा वाचविण्यासाठी वापरली जाणारी जी.७२९ ही पद्धत मात्र केवळ ८००० बिटांत आवाज बसविते. हे ती कसे साधते? मानवी स्वरयंत्राचे एक गणिती प्रतिमान ती गृहीत धरते आणि आवाजाऐवजी त्या प्रतिमानाची मापे पाठविते. फॅक्सचा स्वर कोणत्याही कंठातून निघालेला नसल्याने त्या प्रतिमानात तो बसत नाही. पलीकडे उमटते ते त्याचे विडंबन.

जी.७११ वापरूनही एक सूक्ष्म अडचण उरते. दोन टोकांच्या पेट्यांतील घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लक्ष भागांत ५० भागांचा फरक असला, तर सेकंदास ०.४ नमुना, म्हणजे दहा मिनिटांत २४० नमुने किंवा ३० मिलिसेकंद इतका तुटवडा अथवा साठा होतो. एका पुडक्यात सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. तेव्हा लांबलेल्या प्रेषणात केव्हातरी एक पुडके गाळावे किंवा दोनदा वाजवावे लागते. संभाषणात ही गोष्ट कानाला जाणवतही नाही. फॅक्सच्या पानावर मात्र तेथे ओळी तुटलेल्या दिसतात. एक पान जाते पण दहा पाने जात नाहीत, या नेहमीच्या तक्रारीचे हे एक संभाव्य कारण आहे.

या अडचणीवर १९९८ मध्ये टी.३८ हे प्रमाणक ठरले. त्यात पेटी फॅक्सचा स्वर पुढे पाठवीतच नाही. ती तो स्वतः ऐकून त्यातील बिट वेगळे करते, ते पुडक्यांत घालून पाठविते, आणि पलीकडची पेटी त्यांचा पुन्हा स्वर बनविते. मात्र दोन्ही टोके व सेवा पुरविणारी मधली यंत्रणा या तिघांनीही टी.३८ मान्य केलेले असावे लागते. एकानेही नाकारले तर सर्व व्यवहार पुन्हा आवाजाच्या मार्गावर येतो.

दोषनिदान व पावसाळा

फॅक्स जात नाही अशी तक्रार आल्यावर एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळावा लागतो. प्रथम यंत्र खाजगी केंद्रापासून सोडवून थेट सार्वजनिक रेषेवर लावावे. तेथे ते नीट चालले तर दोष केंद्रात किंवा अंतर्गत तारेत आहे. तेथेही चालले नाही तर दुसऱ्या गावच्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवून पाहावे. म्हणजे दोष पलीकडचा की अलीकडचा हे कळते. यानंतर वेग कमी करावा. ९६०० च्या वेगात दर संकेतास १६ भिन्न अवस्था असतात व ४८०० च्या वेगात ८. अवस्था जितक्या कमी, तितके त्यांतील अंतर अधिक आणि खरखरीत त्यांची गल्लत होण्याचा संभव कमी. वेग उतरविल्याने फॅक्स जाऊ लागला, तर रेषेत खरखर आहे असे समजावे व ती दुरुस्त करून घ्यावी. मंद वेग हा कायमचा उपाय मानू नये. चुकलेले भाग पुन्हा मागविण्याची सोय यंत्रात असते. तांब्याच्या रेषेवर ती चालू ठेवणे हिताचे. ज्या जाळ्यावर पुडकी वारंवार हरवतात तेथे मात्र तिच्यामुळे एकेक पान अतोनात लांबते.

शाहूवाडीसारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात रेषेचे सांधे हेच पहिले संशयस्थान असते. सांध्यात पाणी शिरले की दोन तारांमधील रोधकता घटते आणि कोरड्या दिवसांत निर्दोष असणारी रेषा पावसात खरखरू लागते. विजेच्या लखलखाटात तारेवर येणारा क्षणिक उच्च दाब यंत्राचा नाश करू शकतो. त्याला जमिनीत वाट देणारे संरक्षक उपकरण रेषेच्या प्रवेशापाशी बसवावे. परंतु जमिनीशी जोडणी चांगली नसेल तर ते निरुपयोगी ठरते. जांभ्याची जमीन कोरडी असता विजेला सहज वाट देत नाही, म्हणून ही जोडणी वळवापूर्वीच तपासून घेणे इष्ट. अनेक खाजगी केंद्रांत वीज गेल्यावर एक सार्वजनिक रेषा ठराविक अंतर्गत क्रमांकास थेट जोडली जाण्याची सोय असते. तो क्रमांक फॅक्सला देऊन भागत नाही, कारण फॅक्स-यंत्रालाही वीज लागते. दोहोंना राखीव वीजपुरवठा हवा, आणि रेषा काचतंतूवरून येत असेल तर त्या पेटीलाही.

‘गेले’ आणि ‘पोहोचले’

अखेरीस यंत्राच्या अहवालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रेषण यशस्वी झाल्याचा अहवाल एवढेच सांगतो की, पलीकडच्या यंत्राने पान मिळाल्याची पोच दिली. ते पान कागदावर उमटले, की कागद संपल्याने स्मृतीतच राहिले, हे तो सांगत नाही. ते कोणी वाचले किंवा नाही, हे तर तो सांगूच शकत नाही. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाकडे फॅक्सने पाठविण्याचा प्रयत्न केला. तेथे फॅक्स स्वीकारला जात नसल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच सायंकाळी विधानसभा विसर्जित झाली. सुटीचा दिवस असल्याने फॅक्स घेण्यास कोणी नव्हते, असे तत्कालीन राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी पुढे सांगितले. त्या प्रसंगाच्या राजकीय बाजूंशी प्रस्तुत विवेचनाचा संबंध नाही. यंत्रविज्ञानाच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे: रेषेच्या शेवटी यंत्र असले म्हणजे पुरत नाही, यंत्राच्या शेवटी माणूस असावा लागतो.

म्हणून महत्त्वाचा कागद पाठविल्यावर दूरध्वनी करून तो हाती आल्याची खात्री करून घेणे, आणि उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर आलेली प्रत काळाने फिकी पडत असल्याने तिची छायाप्रत काढून मगच ती धारिकेत लावणे, या दोन सवयी कोणत्याही तांत्रिक सुधारणेइतक्याच मोलाच्या ठरतात. पावसाळ्यापूर्वी एकदा, प्रत्यक्ष ज्या कार्यालयाशी संकटकाळी व्यवहार करावयाचा त्याच कार्यालयाकडे, किमान दहा पानांचा कागद पाठवून पाहावा. एक पान गेले म्हणून रेषा ठीक असल्याचा निर्वाळा देता येत नाही, हे वरील विवेचनावरून दिसून आलेच आहे.

फॅक्सची यंत्रे आज ना उद्या कार्यालयांतून जातील. परंतु एका उद्देशाने उभारलेल्या जाळ्यावर दुसऱ्या उद्देशाचे साधन चालवावयाचे असता मधल्या प्रत्येक घटकाने कोणती गोष्ट गृहीत धरली आहे हे शोधून काढणे, ही त्यांनी शिकविलेली पद्धत त्यांच्यानंतर येणाऱ्या साधनांनाही लागू राहील. मलकापूरची रेषा कोल्हापुराशी कोणत्या प्रकारे जोडली आहे, हे ज्या कार्यालयास ठाऊक आहे, त्याला पुराच्या रात्री यंत्राच्या नशिबावर हवाला ठेवून बसावे लागणार नाही.